चाउडरमधलं आमसूल

माझा मांसाहार बटाट्याच्या आडोशाने सुरू झाला. कॅनडातल्या किचनर शहरात मला पहिली नोकरी लागली त्या हिवाळ्यात ऑफिसच्या कॅफेटेरियात दर शुक्रवारी एक पांढरं, दाट, वाफाळतं सूप असायचं. त्यात बटाट्याच्या फोडी, वर मिरपूड, बाजूला छोटी खारी बिस्किटं. पुण्यात आमच्या घरी अंडंसुद्धा गच्चीत स्टोव्ह नेऊन उकडलं जाई, त्यामुळे माझी चौकशी बटाट्याशी थांबली. अधूनमधून दाताखाली काहीतरी चिवट येई. ते मशरूम असावं असं मी धरून चाललो होतो. इथलं मशरूम इतकं चिवट का, याचंही उत्तर मीच मला दिलं होतं : थंडी.

पुढे एका शुक्रवारी भांड्यासमोरची पाटी वाचली. क्लॅम चाउडर. क्लॅम म्हणजे काय ते फोनवर पाहिलं. शिंपल्याचं चित्र आलं. मागे रांग उभी होती. मी वाडगा पुढे केला. धर्म बुडायचाच असेल तर निदान गरम ठिकाणी बुडावा, एवढाच विचार त्या वेळी मनात होता.

तेव्हापासून आमच्या पँट्रीत चाउडरचे डबे असतात. त्यांच्यावर दीपस्तंभ असतो, उसळता समुद्र असतो आणि दाढीवाला कुणी दर्यावर्दी असतो, ज्याचा त्या डब्याशी काही संबंध नसावा. किचनरपासून समुद्र इतका लांब आहे की इथले सीगल ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये जन्मतात आणि तिथूनच निवृत्त होतात. पण डबा निदान बोलत नाही. एकदा टोरोंटोच्या एका नावाजलेल्या ठिकाणी आम्ही चाउडर मागवलं, तर वेटरने आधी त्या शिंपल्यांचं कूळ सांगितलं, मग खाडीचं नाव, मग ते वेचणाऱ्या माणसाचं पहिलं नाव. एवढी चौकशी माझ्या लग्नात मुलीकडच्यांनीही केली नव्हती. मग ते एका पोखरलेल्या पावात घालून आणलं, आणि खाऊन झाल्यावर पावाचं काय करायचं हे कुणीच सांगितलं नाही. डब्याचं तसं नाही. झाकण उघडायचं, त्याच डब्याने मापून दूध घालायचं, मंद आचेवर हलवत राहायचं आणि सिंकपाशी उभं राहून खायचं.

माझी बायको वेंगुर्ल्याची. तिच्या मते ही खळ आहे. "खाऊ नकोस, पोस्टरं लाव याने," ती म्हणते. "निवडणूक जिंकशील."

या शिंपल्यांना तिसऱ्या म्हणतात हे मला तिच्यामुळे कळलं, आणि तिला ते तिच्या आईमुळे. सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या त्या ऑक्टोबरात. सासरे वर्षभरापूर्वी गेले होते. त्या मोठ्या घरात आई एकटी राहणार ही कल्पना बायकोला सहन होत नव्हती, म्हणून तिने त्यांना आणलं, एप्रिलअखेरचं परतीचं तिकीट काढून. एवढा हिवाळा आईने इथे काढावा, एवढंच तिचं मागणं होतं. ते ती कुणाजवळ बोलत नसे. फक्त आईच्या खोलीतला हीटर दिवसातून अनेकदा तपासून येई.

सासूबाई सकाळी नऊच्या आत स्वयंपाक उरकत आणि मग त्यांच्यासमोर दिवस उभा राही. बायको वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, मी बेसमेंटमध्ये मीटिंगमध्ये. त्या खिडकीत बसत. वेंगुर्ल्याला पडवीत बसलं की बाजाराची अर्धी बातमी आपोआप चालत येते. इथे रस्त्यावरून माणूस जात नाही. कुत्रा जातो आणि त्याच्यामागे दोरीला बांधलेला माणूस जातो. मासे आम्ही आणत होतो, पण फ्रोजन. त्या ते शिजवत, वाढत आणि स्वतः आमटीभात खात. एकदा गोठलेल्या बांगड्याकडे बघून त्यांनी विचारलं होतं की हा गेला कधी, आणि घरच्यांना कळवलं का.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्या माझ्याजवळ आल्या. लेकीशी त्या मालवणी बोलतात. माझ्याशी, जावयाचा मान म्हणून, शाळेतल्या फळ्यावर असतं तसं मराठी.

"जावईबापू, माझं तिकीट अलीकडचं मिळतं का बघा. जानेवारीतलं."

मी 'बघतो' म्हणालो आणि बेसमेंटमध्ये गेलो. बायकोला सांगितलं तेव्हा ती लॅपटॉपकडे बघत राहिली. म्हणाली, जानेवारीत वादळं असतात, फ्लाइट्स कॅन्सल होतात, असं सांग. मी तसं सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली. मुलीचं शिक्षण त्यांनीच केलेलं असल्यामुळे हे वाक्य कुणी लिहून दिलंय हे त्यांना कळलं असावं.

त्याच आठवड्यात मोठा बर्फ पडला. आमच्या शेजारच्या घरात एक म्हातारी बाई एकटी राहते. मूळची पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियाची. मुलगा इकडे म्हणून आली, आणि मग मुलगा कॅल्गरीला गेला. तिच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी शोव्हलने, म्हणजे फावड्याने, काढतो, कारण ती स्वतः काढायला निघते आणि ते खिडकीतून बघणं जास्त कष्टाचं आहे. त्या दिवशी संध्याकाळी ती दारात आली, हातात निळं एनॅमलचं भांडं, कडेचे टवके उडालेलं.

"सपर," ती म्हणाली, म्हणजे रात्रीचं जेवण. "आणि डिअर, तू ते डब्यातलं खातोस ना? रिसायकलिंगमध्ये दिसतं मला. मी काही बोलत नाही."

मी झाकण उघडलं आणि आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या. त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

"तिसऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्या कशाच्या तरी दिशेने चालत आल्या होत्या. बायको माझ्याकडे बघायला लागली. सासूबाईंनी भांड्यात डोकावलं आणि चेहरा बदलला.

"ह्यात दूध घातलाहा?" त्यांनी लेकीला विचारलं. बायकोने हो म्हटलं. "माश्यात दूध? आंगावर कोड येतला."

बायको म्हणाली की नोव्हा स्कोशियात पिढ्यानपिढ्या लोक हेच खातात. सासूबाईंनी खिडकीतून शेजारणीच्या घराकडे पाहिलं. "तरीच गोरी हा," त्या म्हणाल्या.

त्यांनी खाल्लं नाही. मी आणि बायकोने खाल्लं, आणि मला कबूल करावं लागलं की डब्यातल्या चाउडरशी याचं नातं पासपोर्टवरच्या फोटोचं माणसाशी असतं तेवढंच आहे. पातळ होतं. आम्ही सगळे दाटपणाला श्रीमंती समजतो, तो मैदा असतो. कांदा डुकराच्या खारवलेल्या चरबीत परतलेला, बटाटे कडेला विरघळलेले, आणि तिसऱ्या चावल्यावर समुद्राची चव देणाऱ्या. बायकोने तीनदा घेतलं आणि खळीचा उल्लेख केला नाही.

मी भांडं धुतलं आणि परत द्यायला निघालो. सासूबाईंनी मला जोड्यांपाशी गाठलं.

"रिकामा भांडा कोण धाडता काय?" हे मालवणीत होतं, म्हणजे मान बाजूला ठेवून होतं.

त्यांनी त्या संध्याकाळी रवा भाजला. फ्रोजन खोबरं घातलं, वेलची कुटली, लाडू वळले आणि निळ्या भांड्यात रचून माझ्या हातात दिले. शेजारीण लाडू बघून गडबडली. चार दिवसांनी भांडं परत आलं, आत तिच्या गावाकडचे ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाच्या जाड खारट-गोड वड्या. भांडं आता आमच्याकडे. मग गेली शंकरपाळी. आला मोलॅसिसचा, म्हणजे काकवीचा, केक. गेली कडबोळी. मधल्या बर्फातून ने-आण मी करत होतो. सासूबाई खिडकीत बसत, पण आता त्यांचं लक्ष एका दाराकडे असे. "काय म्हणाली?" हा प्रश्न मी बूट काढायच्या आत येई. ती खरं तर 'थँक यू' एवढंच म्हणे. पण मी थोडं लांबवून सांगायला लागलो. तिकिटाचा विषय निघाला नाही.

नाताळच्या आधीच्या रविवारी शेजारीण स्वतःच भांडं घेऊन आली. सोबत बटाटे, कांदे, चरबीचा तुकडा आणि दुधाचा कार्टन. तिला सासूबाईंना चाउडर शिकवायचं होतं. की त्यांच्याकडून काय शिकता येतं ते बघायचं होतं, मला नक्की कळलं नाही. दोघींची सामाईक भाषा शंभर टक्के हातवाऱ्यांची होती आणि मी दुभाषा म्हणून उभा राहिलो तर दोघींनाही अडचण होत होती. बायकोने वॉटर्लूच्या चिनी दुकानातून जिवंत तिसऱ्या आणल्या. शेजारीण स्वतः घरी डब्यातल्याच घालते. ट्रकमधून आलेल्या ताज्यापेक्षा किनाऱ्यावर डब्यात गेलेली बरी, असं तिचं मत.

दोघींनी सिंकमध्ये तिसऱ्या पसरल्या आणि एकेक उचलून काउंटरवर ठोकायला लागल्या. जिवंत असेल तर ती मिटते. एक तोंड उघडं ठेवून पडली होती. ती टाकायला दोघींचे हात एकदमच गेले. दोघी थांबल्या, मग हसल्या. बायको तिथून उगाचच पाणी प्यायला गेली.

मग सासूबाईंनी वरून आडाळी आणली. म्हणजे विळी, चेक-इन बॅगेत टॉवेलात गुंडाळून आलेली, जिच्याबद्दल एअरपोर्टवर कुणी अवाक्षर काढलं नाही, जरी माझ्या शेव्हिंग क्रीमची दर वेळी चौकशी होते. त्या फरशीवर बसल्या, पायाने विळी दाबली आणि तिसरी पात्याला लावली. वेंगुर्ल्याच्या तिसऱ्यांची शिंप पातळ. ही इथली शिंप तिजोरीसारखी. त्यांनी जोर लावला, कोन बदलला, कपाळावरचे केस मागे केले. शिंप ढिम्म. शेजारीण वाकून पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर विळीबद्दल निखळ हेवा होता. शेवटी तिने पातेल्यात थोडं पाणी ठेवलं, तिसऱ्या टाकल्या, झाकण लावलं, आणि पाच मिनिटांत सगळ्या आपणहून उघडल्या. सासूबाईंनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या की मऊ पडल्या असतील. पडल्या नव्हत्या.

चाउडर झालं. निळं भांडं मंद आचेवर होतं, दूध नुकतंच गेलं होतं. शेजारीण वॉशरूमला गेली. बायको टेबल लावत होती, मी वाडगे काढत होतो. सासूबाईंनी त्या दिवशी चाउडर खायचं ठरवलं होतं. घरी बोलावलेल्या बाईने केलेलं न खाणं बरं दिसलं नसतं. पण दुधाचं काय करायचं, हा प्रश्न सकाळपासून त्यांच्या मनात असणार. त्यावर त्यांच्याकडे एकच तोडगा होता, जो त्यांच्या स्वयंपाकघरात कुठल्याही माशावर चालत आलेला आहे. आमसूल घातलं की बाधत नाही. त्यांनी पिशवीतून मूठभर आमसुलं काढली आणि भांड्यात टाकून ढवळलं. आपल्यापुरती नाही, सगळ्यांच्या भल्यासाठी.

पुण्याचा माणूससुद्धा सांगेल की उकळत्या दुधात आंबट पडलं की काय होतं. त्यांनाही माहीत होतं; आयुष्यभर दूध त्यांनीच तापवलेलं. पण भांड्यात तिसऱ्या दिसल्या की हात आमसुलाकडे जातो, दुधाला विचारायला थांबत नाही.

शेजारीण परत आल्यावर आम्ही चौघांनी भांड्यात पाहिलं. वर जांभळट पाणी, खाली फाटलेल्या दुधाचे गोळे, मधूनमधून बटाटे. शेजारणीने चमचा एकदा फिरवून पाहिला. मग तिने झाकण लावलं.

"स्टिल सपर," ती म्हणाली, कोट घातला आणि भांडं उचलून घरी गेली. तिचंच भांडं होतं.

सासूबाई वर गेल्या. जेवल्या नाहीत. बायको त्यांच्या खोलीत जाऊन आली आणि जिन्यात बसली. आई एवढंच म्हणाली होती : "रिकामा परवडला. आपल्या घरातून नासलेला गेला."

दुसऱ्या दिवशी भांडं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नाताळ झाला. सासूबाईंची खुर्ची खिडकीतून आत गेली. एका सकाळी त्यांनी मला सांगितलं, या वेळी वादळांची चर्चा न होऊ देता, की जानेवारीचं तिकीट काढा. बायको समोरच होती. तिने कुठलंही वाक्य लिहून दिलं नाही. हट्ट तिला आईकडूनच मिळालेला आहे, त्यामुळे कुठे थांबायचं तेही तिला कळतं. मी म्हटलं, काढतो.

"पण त्याआधी तिच्याकडे धड काहीतरी गेलं पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "असं ठेवून मला जाता येणार नाही."

बायको परत वॉटर्लूला जाऊन तिसऱ्या घेऊन आली. या वेळी त्या वाफेवरच उघडल्या, विळी वरच राहिली. कांदा, बटाटे, मिरपूड शेजारणीसारखंच. चरबीच्या जागी खोबरेल. हळद घातली नाही, पाहुण्या पदार्थाचा मान म्हणून. एकच हिरवी मिरची, उभी चिरून, कुणी विचारलं तर नाकारता येईल अशी. आणि दुधाच्या जागी खोबऱ्याचा रस, मिक्सरमध्ये फिरवून, पंच्यातून पिळून काढलेला. शेवटी आमसुलं. नारळाचं दूध आमसुलाने फाटत नाही; ते फक्त हलकं गुलाबी होतं, जसं सोलकढीत होतं. त्यांनी एक वाडगा काढला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. किचनरला आल्यापासून त्यांना काही आवडीने खाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

निळं भांडं तिकडे होतं. म्हणून त्यांनी आपला स्टीलचा डबा काढला, वेंगुर्ल्याहून मसाला भरून आणलेला. त्याच्या कडेवर, भांड्यांच्या दुकानात ठोकून देतात तसं, सासऱ्यांचं नाव होतं.

शेजारणीने दार उघडलं आणि आधी मला एक प्रश्न विचारला, जो बहुधा बरेच दिवस तयार होता.

"डिअर, हे थांबवायचं कसं?"

तिचं पीठ संपलं होतं. बर्फामुळे तिला ग्रोसरीला जाता आलं नव्हतं. भांडं रिकामं पाठवायला तिला आता लाज वाटत होती, म्हणून ते ओट्यावर तसंच पडून होतं. त्या फुटलेल्या चाउडरचं काय झालं असं मी विचारलं. खाल्लं, ती म्हणाली, पावाबरोबर. लग्नानंतर पहिल्यांदा तिने चाउडर केलं तेव्हा दूध उकळू दिलं होतं आणि ते असंच फुटलं होतं. दिराने त्याला अनेक वर्षं नावं ठेवली. त्यापेक्षा हे बरं होतं, निदान रंग तरी होता.

मग तिने डबा उघडून चमचाभर चाखलं. पुन्हा चाखलं.

"हे चाउडर नाही," ती म्हणाली. नोव्हा स्कोशियाची माणसं या बाबतीत तोंडदेखलं बोलत नाहीत. मग तिने कपाटातून मोठा वाडगा काढला आणि डबा त्यात पूर्ण रिकामा केला.

डबा धुताना तिचा अंगठा कडेवरच्या अक्षरांवर थांबला. हे काय, तिने विचारलं. मी सांगितलं की नाव आहे, त्यांच्या नवऱ्याचं, आमच्याकडे भांड्यावर घालतात. ते गेल्या वर्षी गेले. आणि त्या आता जानेवारीत परत जाताहेत. तिने डबा पुसला. तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा कोट अजून दारामागे टांगलेला असतो. मी तो दर वेळी पाहतो आणि दर वेळी ती त्यावर आपला कोट अडकवते.

"हाही रिकामा द्यायचा नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"मग यात ओटकेक नाही घालणार. माझा भाचा गावाकडे केप ब्रेटनला लॉबस्टर धरतो. सीझन मे महिन्यात उघडतो. तिला सांग, डबा तेव्हा मिळेल."

मी म्हटलं, तोवर त्या इथे नसतील.

"ते मी ऐकलं," ती म्हणाली, आणि डबा वरच्या फळीवर, स्वतःच्या चांगल्या कपबशांशेजारी ठेवला.

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. या वेळी लांबवलं नाही, गरज नव्हती. बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. सासूबाईंनी आधी लॉबस्टर म्हणजे काय ते विचारलं. बायको म्हणाली, शेवंड.

"शेवंड?" त्यांनी विचारलं. "केवढी असता?"

बायकोने दोन्ही हात पसरून दाखवलं. सासूबाई तिच्या हातांकडे पाहत राहिल्या. पुढचा प्रश्न आला की जिवंत असते का. हो म्हटल्यावर, कोण आणतं. भाचा म्हटल्यावर, लग्न झालंय का. मग त्या देवाजवळ दिवा लावायला गेल्या.

सकाळी मी लॅपटॉप उघडून बसलो होतो, जानेवारीची फ्लाइट समोर. सासूबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि स्क्रीनकडे न पाहता म्हणाल्या, "जूनचं बघा."

बायको जिन्यात थांबली होती. खाली आली नाही. तिथूनच वर परत गेली आणि हीटर तपासायचा आवाज आला.

"आणि जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "त्या डब्यात शेवंड मावायची नाही."

त्यांच्या हातात आमच्या घरातलं सगळ्यात मोठं पातेलं होतं. त्यावर झाकण होतं, झाकणावर फडकं बांधलेलं होतं, आणि आतून रव्याचा भाजका वास येत होता. मी बूट घालायला घेतले. बाहेर पुन्हा बर्फ सुरू झाला होता, म्हणून जाताना मी शोव्हलही घेतलं.